वाचक विचारतात : पिपचा खरा शेवट कोणता?

प्रश्न : बी. ए.च्या वर्गाला डिकन्सची ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ शिकवते. शेवटच्या प्रकरणांसाठी जेमतेम तीन तास उरलेत. कादंबरीला दोन शेवट आहेत हे कळल्यापासून मुलं ‘नायक पिप आणि त्याचं लहानपणापासून जिच्यावर प्रेम ती एस्टेला, यांचं लग्न होतं का?’ एवढंच विचारतात. काय घ्यावं, काय गाळावं?

उत्तर : शेवटचं, ५९वं प्रकरण तिसऱ्या तासाआधी उघडूच नका. ५६ आणि ५७ मुरल्याशिवाय दोन शेवट समोर ठेवले, की चर्चेचं मतदान होतं. कुणाला गोड हवा, कुणाला कडू. गाळायचंच तर ५५मधलं वकिलाच्या कारकुनाचं, वेमिकचं लग्न गाळा. मजेदार आहे, पण मुलं ते घरी वाचतील.

पहिला तास मॅग्विचच्या मृत्यूला द्या आणि फक्त हातांकडे बघायला सांगा. मॅग्विच म्हणजे पिपला गुपचूप पैसा पुरवून साहेब बनवणारा, ऑस्ट्रेलियात हद्दपार केलेला कैदी. ३९व्या प्रकरणात तो चोरून परत येतो आणि पिपचे दोन्ही हात ओठांना लावतो, तेव्हा पिपचं रक्त गोठतं. ५६व्या प्रकरणात तुरुंगातल्या खाटेवर तोच माणूस पिपचा हात ओठांपर्यंत नेऊ बघतो. ताकद उरलेली नाही, म्हणून पिप स्वतः हात उचलू देतो, मदत करतो. दोन्ही उतारे एका कागदावर शेजारी छापून द्या. कृती एकच, मधे काय बदललं ते मुलांनाच सांगू द्या. मग विचारा : मॅग्विचची सगळी मालमत्ता सरकारजमा होणार, हे पिप त्याला शेवटपर्यंत का कळू देत नाही? इथे वर्ग हमखास बोलायला लागतो.

दुसरा तास जोचा, म्हणजे पिपला वाढवणाऱ्या त्याच्या लोहार मेहुण्याचा. कर्जापायी अटक व्हायची वेळ, त्यात पिप तापाने फणफणलेला. जो येऊन शुश्रूषा करतो. पिप अंथरुणाला खिळलेला असतो तोवर जो त्याला जुन्या सलगीने हाक मारतो. अंगात जोर येऊ लागतो तसतसा मधूनमधून ‘सर’ डोकावतो. इंग्रजीत हे मुलांच्या नजरेतून निसटतं. मराठीत सांगा : ‘अरे’वरून ‘अहो’वर जाणं. लहानपणचा मित्र साहेब झाल्यावर काय होतं, हे कुणाला वेगळं समजावून द्यावं लागत नाही. एके सकाळी जो निघून गेलेला असतो. मागे चिठ्ठी, आत कर्ज फेडल्याची पावती. रक्कमही दाखवा : १२३ पौंड, १५ शिलिंग, ६ पेन्स, आणि तीही बहुधा जवाहिऱ्याची उधारी. लोहाराने फेडलेली. आमच्या मते कादंबरी इथेच संपते. पुढचं सगळं आवराआवर आहे.

तिसऱ्या तासाला आधी मूळचा, न छापलेला शेवट वाचा. लंडनच्या पिकॅडिलीत एस्टेला भेटते. तिने एका डॉक्टरशी दुसरं लग्न केलंय. पिपसोबत असलेला, जो आणि त्याची दुसरी बायको बिडी यांचा मुलगा तिला पिपचाच वाटतो, पिप तिचा गैरसमज दूर करत नाही. संपलं. मग छापलेला : एस्टेला जिथे वाढली त्या पडक्या वाड्याच्या आवारातली, धुक्यातली भेट. इथे घोटाळा होतो तो असा, की मुलं हातात हात बघून लग्न लावून मोकळी होतात. थांबवा आणि एस्टेलाचं शेवटचं वाक्य वाचायला लावा. आपण दूर राहूनच मित्र राहू, असं ती म्हणते. पुन्हा न दुरावण्याचं पिप म्हणतो, तेही फक्त मनात.

शेवटचं वाक्य १८६१च्या छापील पुस्तकात आणि नंतरच्या आवृत्त्यांत वेगळं आहे. आधी ‘दुरावा नसल्याची सावली दिसली’ अशा वळणाचं, नंतर ‘पुन्हा दुरावण्याची सावली दिसली नाही’. दोन्ही फळ्यावर लिहा आणि मराठीत करायला द्या. पहिल्याशी झटताना ‘सावली’ शब्द किती निसरडा आहे ते आपोआप कळतं. पंधरा मिनिटं राखून ठेवा, कमी पडतात.

प्रश्न : परीक्षेत कोणता शेवट लिहावा? शेवट बदलला कुणी?

उत्तर : नेमलेल्या प्रतीत मुख्य मजकुरात असलेला, म्हणजे बहुतेक ठिकाणी वाड्यातला. तो बदलला डिकन्सनेच, पण कादंबरीकार मित्र बुल्वर-लिटनच्या सल्ल्यावरून, १८६१मध्ये छपाईपूर्वी. मूळचा शेवट चरित्रकार फॉर्स्टरने १८७४मध्ये, डिकन्सच्या मृत्यूनंतर, उजेडात आणला. याला उत्तरात दोन ओळी पुरेत. आणि ‘प्रकाशकाने बदलायला लावला’ असं काही गाइडांत असेल, तर ते उतरवू नका.