खोडव्याला केवडा पडलाय, उसाला कळतं का लोह कमी पडलंय ते?

प्रश्न : आमचं रान शिरोळ तालुक्यात, काळी जमीन, खाली चुनखडी हाय. खोडव्याला, म्हंजे तोडणीनंतर परत फुटलेल्या उसाला, केवडा पडलाय, पोंग्यातली, म्हंजे शेंड्याच्या गाभ्यातली, नवी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या. दोनदा युरिया टाकला, काय फरक न्हाई. माती तपासली तर सामू (pH, म्हंजे माती आम्ल का विम्ल ते सांगणारा आकडा) ८ च्या वर आला. लोक म्हणतात लोह कमी हाय. पण मातीत लोखंड असतंयच की, मग उसाला ते घेता का येत न्हाई?

उत्तर : दादा, लक्षण तुम्ही अगदी बरोबर टिपलंय. नत्र कमी पडलं तर जुनी, खालची पानं आधी पिवळी पडतात कारण झाड तिथलं नत्र काढून शेंड्याला देतं, पण जुन्या पानातलं लोह असं सहज हलत नाही, म्हणून नवं पान उपाशी राहतं. त्यामुळं युरियानं हे जायचं नाही.

मातीत लोह भरपूर असतं पण ते गंजासारखं घट्ट बसलेलं, आणि सामू १ नं वाढला की त्याची विरघळण्याची ताकद जवळजवळ हजार पटीनं कमी होते. आता झाडाला हे कळतं का, तर कळतं! भातात अशी प्रथिनं सापडलीत की जी लोहाला धरतात आणि लोह ओढणारी यंत्रणा दाबून ठेवतात, म्हणजे ब्रेकच, कारण लोह जास्त झालं तर तेही झाडाला विषच. लोह कमी पडलं की ती यंत्रणा जोरात चालू होते.

पुढं गंमत आहे. सोयाबीन, भुईमूग मुळातून आम्ल सोडतात आणि लोहाचं रूप बदलून मग ते आत घेतात. ऊस पडला गवताच्या कुळातला, भात गहू मका यांच्यासारखा, तो मुळातून एक पदार्थ सोडतो जो लोहाला मिठी मारतो आणि ती जोडीच्या जोडी मूळ आत ओढतं. मुळातून असा लोहाला धरणारा पदार्थ सुटतो हे जपानमध्ये ताकागी या शास्त्रज्ञानं १९७६ मध्ये ओट आणि भातात दाखवलं. सातूमध्ये, म्हणजे जवाच्या पिकात, तर हा पदार्थ सूर्य उगवल्यावर काही तास सगळ्यात जास्त सुटतो. मका आणि भुईमूग शेजारी लावले तर भुईमुगाचा पिवळेपणा कमी होतो तो मक्याच्या याच देण्यामुळं, मला ही गोष्ट फार आवडते.

पण पाणी तुंबलं की मुळाला हवा मिळत नाही, चुनखडीत बायकार्बोनेट, म्हणजे सामू चढाच ठेवणारा क्षार, वाढतं आणि उसाची सगळी मेहनत वाया जाते. म्हणून आधी पाणी कमी करा, चर काढा. हिराकस (फेरस सल्फेट, लोहाचं खत) नुसतं मातीत टाकलं तर ते लगेच परत घट्ट होतं, चांगल्या कुजलेल्या शेणखतात मुरवून द्या. आत्ता लगेच १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम हिराकस आणि थोडं सायट्रिक अ‍ॅसिड घालून ऊन उतरल्यावर फवारा, ८-१० दिवसांनी परत एकदा. जुनी पानं बघत बसू नका, पोंग्यातून येणारं नवं पान कसं येतंय ते बघा.