कपाटावरची खोकी

प्रिय मावशी,

मी 34 वर्षांची. आम्ही दोघंही नोकरी करतो, भाड्याच्या घरात राहतो आणि तीन वर्षांपासून स्वतःच्या घरासाठी पैसे जमवतोय. नवरा शिस्तीचा आहे. दर रविवारी संध्याकाळी तो लॅपटॉपवर खर्चाचा तक्ता उघडतो आणि आठवड्याचा हिशोब वाचून दाखवतो. त्यात माझंच नाव जास्त वेळा येतं: उशीर झाला की केलेली टॅक्सी, पुस्तकं, भाचीसाठी घेतलेलं काहीतरी, ऑनलाइन मागवलेल्या बारीकसारीक वस्तू. गेल्या महिन्यात त्याने वर्षाचा आकडा काढला. दोघांची मिळून 18 दिवसांची कमाई माझ्या किरकोळ खर्चात गेली म्हणे. "थेंबे थेंबे तळे साचे," एवढंच बोलला. ओरडला असता तर बरं झालं असतं. तेव्हापासून मी पार्सलची खोकी कपाटावर लपवते आणि तो घरी नसताना टाकून येते. उधारी नाही, कार्डाचं बिल दर महिन्याला पूर्ण भरते. आता बँकेने कर्ज मिळेल असं सांगितलंय. 20 वर्षं मुदत, हप्ता दोघांच्या पगाराच्या निम्मा. तक्ता सोबत जोडलाय. मी खरंच उधळी आहे का? आणि हप्ता सुरू झाला की 20 वर्षं असंच जगायचं?

— खोकी लपवणारी

---

अगं,

मावशी म्हणालीस, तेव्हा अगं-तुगंच करते.

तुझं पत्र एकदा वाचलं, तुझ्या नवऱ्याचा तक्ता मात्र तीनदा. माणूस नेटका आहे, त्यात शंका नाही. टॅक्सीची तारीख आहे, वेळसुद्धा आहे. मी सगळ्या बेरजा काढून पगाराचे शंभर भाग केले, कारण रकमा बघितल्या की आपण घाबरतो, भाग बघितले की विचार करतो. भाडं 28, घर चालवायला 26, बचत 15, तुझा किरकोळ खर्च 5. झाले 74. उरलेले 26 कुठे आहेत? तक्त्याच्या अगदी खाली, 'इतर' नावाच्या एका ओळीत.

तुझे पाच भाग म्हणजे वर्षाला 18 दिवसांची कमाई, हा नवऱ्याचा हिशोब बरोबर आहे. त्याच हिशोबाने 'इतर' म्हणजे 95 दिवसांची. रविवारी कोणी ती ओळ वाचून दाखवतं का?

नसेल वाचत. त्यात लबाडी आहे असं मला वाटत नाही. नवीन संसारात मीही एक वही घातली होती. बसच्या तिकिटापासून सगळं लिहायचे आणि जे कुठे बसत नाही ते 'इतर'मध्ये. वर्षाअखेरीला बेरीज केली तर सगळ्यात मोठा रकाना तोच निघाला. बसची तिकिटं मात्र शेवटच्या पैशापर्यंत जुळत होती! लहान खर्च रोज डोळ्यांसमोर येतो, म्हणून त्याच्यावर बोलणं सोपं. मोठा खर्च वर्षातून एकदा येतो, आपण "आता काय करणार" म्हणतो, भरतो आणि विसरतो.

तुमच्या 'इतर'मध्ये काय आहे ते मी बघितलं. विम्याचे हप्ते, गाडीची दुरुस्ती, एक प्रवास, सासऱ्यांचे दवाखान्याचे खर्च, एक नवा फोन आणि (हे वाचून मी एकटीच हसले) कॅमेऱ्याची एक लेन्स. लेन्सवर माझा राग नाही. त्याने घ्यावी. पण तुझी पुस्तकं नावानिशी आणि त्याची लेन्स 'इतर'मध्ये, एवढं त्याला हसत हसत दाखव. भांडणात दाखवू नकोस.

यातले बहुतेक खर्च दर वर्षी येतात आणि दर वर्षी ते तुम्हाला 'अचानक' वाटतात. मागच्या बारा महिन्यांची बेरीज करा, बाराने भागा आणि तेवढी रक्कम दर महिन्याला वेगळ्या खात्यात टाका. विमा आला, त्यातून भरला. गाडी बिघडली, त्यातून दुरुस्त केली. एवढं केलं तरी तुमच्या घरातली अर्धी धुसफुस थांबेल, कारण ती मुळात अशा महिन्यांतली आहे ज्यात बचत मोडावी लागली आणि राग टॅक्सीवर निघाला.

आता कर्जाकडे. मला खरी काळजी इथे वाटली.

हप्ता पगाराच्या निम्मा, म्हणजे 50 भाग. घरखर्चाचे 26 काढले की उरले 24. आणि 'इतर' आहे 26. दोन भाग इथेच कमी पडले. तू वर्षभर एकही टॅक्सी केली नाहीस, एकही पुस्तक घेतलं नाहीस, भाचीचा वाढदिवस विसरलीस, तरी या हप्त्यात तुमची तोंडमिळवणी होत नाही. बचत तर शून्यच. दोघं मिळून थेंब मोजत बसलात आणि बांध कुठे फुटणार आहे ते कोणी बघितलंच नाही.

"पण बँक देतेय ना," असं तो म्हणेल. देईलच. तुम्ही हप्ता बुडवणार नाही एवढं बँकेला पुरतं. हप्ता भरून झाल्यावर तुमच्या हातात काय उरतं, ही तिची चिंता नव्हे. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात, पण हे अंथरूण बँकेने मोजलंय आणि तिच्या सोयीने मोजलंय.

कर्जाचं पोट कसं चालतं ते एकदा दोघांनी शेजारी बसून बघा. दर 8 टक्के आणि मुदत 20 वर्षं धरली, तर जेवढं मुद्दल साधारण तेवढंच व्याज भरावं लागतं. पहिल्या हप्त्यातले शंभरातले 80 व्याजाचे असतात, मुद्दलातून फक्त 20 फिटतात. अर्धं मुद्दल फिटायला साडेतेरा वर्षं जातात. आणि दर बदलता असेल तर आणखी एक गंमत. दर 8 चा 9 झाला आणि हप्ता तेवढाच ठेवला, तर 20 वर्षांचं कर्ज 25 वर्षांच्या पुढे जातं. हप्ता वाढलेला दिसत नाही म्हणून माणसाच्या लक्षातही येत नाही.

हेच गणित उलट्या बाजूने तुमच्या कामाला येतं. त्याच कर्जावर वर्षाला एक हप्ता जादा भरला तर मुदत सुमारे तीन वर्षांनी कमी होते. पण तो जादा हप्ता भरायला महिन्याला काहीतरी उरायला हवं, आणि निम्म्या पगाराच्या हप्त्यात काहीच उरत नाही.

मी तुमच्या जागी असते तर 38 भागांचा हप्ता बसेल एवढंच कर्ज घेतलं असतं. घरखर्चाला 26, वर्षातून एकदा येणाऱ्या खर्चांना 20 (लेन्स त्यातून बाहेर काढायची आणि थोडा हात आखडता घ्यायचा), तुला 4, त्याला 4, शिल्लक 8. त्या आठमध्ये बचतही आली, नव्या घराची देखभालही आणि जमलं तर तो वर्षाचा जादा हप्ताही. याचा अर्थ कर्ज जवळपास चतुर्थांशाने लहान. म्हणजे घर लहान, किंवा सुरुवातीला हातची रक्कम जास्त, म्हणजे आणखी थोडं थांबणं. तुम्हा दोघांना यातलं काय कमी टोचतं, ते मला इथे बसून कळणार नाही. बोलण्यासारखा विषय हा आहे, टॅक्सी नव्हे.

थांबायचं ठरलं तर तो वेळ फुकट घालवू नका. सहा महिने हप्त्याची रंगीत तालीम करा. भाडं 28 जातंय, हप्ता 38 असणार, तर मधले 10 आणि वरचे 8 मिळून 18 भाग पगार झाला त्याच दिवशी, कोणी हात लावायच्या आत, वेगळ्या खात्यात जाऊ देत. आज तुम्ही महिनाअखेरीला उरलेलं बाजूला टाकता, असं तक्त्यावरून दिसतं. उरलेलं कधी 15 च्या वर असतं, कधी बरंच खाली. सहा महिन्यांनी 18 सहज पडत असतील तर बँकेत जा. तिसऱ्या महिन्यालाच ओढाताण झाली, तर ती कर्ज घेण्याआधी कळली.

रिचर्ड थेलर नावाच्या अर्थशास्त्रज्ञाला 2017 साली नोबेल मिळालं. त्याने आणि श्लोमो बेनार्त्झी याने 2004 साली एका योजनेचा निकाल छापला होता. नोकरदारांना आज बचत वाढवा असं सांगितलंच नाही. पुढची पगारवाढ मिळेल तेव्हा तिच्यातला काही भाग बचतीत जाईल, एवढंच आधी कबूल करून घेतलं. योजनेत आलेल्यांची बचत 40 महिन्यांत पगाराच्या 3.5 टक्क्यांवरून 13.6 टक्क्यांवर गेली. हातात न आलेला पैसा सोडायला जीवावर येत नाही. तुम्हीही आत्ताच ठरवून टाका की पुढच्या वाढीचा अर्धा भाग घराच्या खात्यात.

एक तंबी मात्र देते. सुरुवातीची रक्कम भरताना खातं धुऊन पुसून रिकामं करू नका. निदान तीन, जमल्यास सहा महिन्यांचा सगळा खर्च, त्यात हप्ताही धरून, वेगळा राहू दे. दोघांपैकी एकाची नोकरी गेली तरी हप्त्याची तारीख जात नाही. कार्डाचं बिल पूर्ण भरतेस, ते तसंच चालू ठेव. महिन्याला 3 टक्के व्याज म्हणजे चक्रवाढीने वर्षाला जवळपास 43 टक्के होतात. त्यापुढे घरासाठी जमवलेलं टिकत नाही.

राहिले तुझे चार भाग आणि त्याचे चार. पगाराच्या दिवशी ते ज्याच्या त्याच्या खात्यात जातील आणि त्यांचा हिशोब कोणी कोणाला द्यायचा नाही. रविवारीही नाही, गमतीतही नाही. तुझा एक भाग कमी झालाय, हे कबूल. थकून आठ वाजता ऑफिसातून निघतेस आणि टॅक्सी करतेस, तर कर. संपले चार भाग की पुढच्या पगारापर्यंत बस. पण चार शिल्लक असताना टॅक्सीत बसून अपराधी वाटायचं काही कारण नाही.

उधळी आहेस का, विचारलंस. शंभरात पाच खर्च करून कार्डाचं बिल वेळेवर भरणाऱ्या बाईला मी उधळी म्हणणार नाही. पण खोकी लपवणं मला आवडलं नाही. पैशासाठी म्हणत नाही. आज खोकं लपलं, उद्या बिल लपेल, आणि तुम्ही दोघं 20 वर्षांच्या एका कागदावर मिळून सही करायला निघालाय. त्याच्याकडूनही चूक झालीय. 18 दिवसांचा आकडा त्याने एकट्याने काढला आणि तुला निकाल ऐकवल्यासारखा ऐकवला. हे त्याला सांग, माझ्या नावावर खपवलंस तरी चालेल.

येत्या रविवारी तक्ता तू उघड. 'इतर'ची ओळ निवड आणि ती फोडून दहा ओळी करा, दोघांनी मिळून. दोन तास लागतील, मध्ये एकदा तरी आवाज चढेल. ते झालं की स्टूल घे आणि वरची खोकी खाली काढ, तो घरात असतानाच.

— मावशी