जमेची बाजू

"विश्वास आहे, पण देवासमोर उभे राहण्याइतकी लायकी नाही," ही खंत भायखळ्याच्या ख्रिस्ती मंडळीत (चर्चमध्ये) पाळक म्हणून समुपदेशनाला बसताना मी वारंवार ऐकतो. त्यातील एक अनुभव, ओळख पटेल असे तपशील बदलून, येथे देत आहे.

मशीद बंदरच्या एका पेढीत आयुष्यभर हिशेब लिहिलेले एक गृहस्थ भेटायला आले. परळच्या चाळीतील खोलीवरून धाकट्या भावाशी अबोला झाला आणि तो मिटण्याआधीच भाऊ वारला. तेव्हापासून, म्हणजे दोन वर्षे, त्यांनी प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ मंडळीत घेतात ती भाकर व द्राक्षारस, घेतले नव्हते. उपास, दशांश (मिळकतीचा दहावा हिस्सा देवाला देणे), आजाऱ्यांच्या भेटी, सारे ते एका वहीत टिपून ठेवत. "जमा अजून कमी पडते, पाळकसाहेब," ते म्हणाले. मी घाईने क्षमेविषयी चार शब्द बोललो. त्यांनी शांतपणे वही मिटली, आणि माझी चूक माझ्या ध्यानात आली: हिशेबनिसाला नुसता धीर पुरत नाही.

पुढच्या भेटीत आम्ही बायबलमधील, प्रेषित पौलाने लिहिलेल्या रोमकरांस पत्राचा चौथा अध्याय उघडला. पौलाने तेथे वापरलेला 'गणणे' हा शब्द मुळात हिशेबातलाही आहे. काम करणाऱ्याची मजुरी ही मेहरबानी नसून देणे असते, असे सांगून तो यहुद्यांचा पूर्वज अब्राहाम याच्याकडे वळतो, ज्याचा विश्वास नीतिमत्त्व (देवासमोर निर्दोष ठरणे) म्हणून गणला गेला. ही नोंद बायबलच्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्तीच्या 15व्या अध्यायात आहे आणि सुंतेची आज्ञा 17व्यात. म्हणजे जमा आधी झाली, खूण मागून आली.

"पण याकोब तर कृत्यांशिवाय विश्वास निर्जीव म्हणतो!" त्यांनी लगेच हरकत घेतली, आणि ती रास्तच होती. बायबलमधील आपल्या पत्रात असे लिहिणारा याकोब मात्र अब्राहामाने आपला मुलगा इसहाक याला अर्पण करायला नेल्याचा दाखला देतो, जो उत्पत्तीच्याच 22व्या अध्यायातला आहे. ते कृत्य आधीच्या विश्वासाला पूर्णत्व देते, नीतिमत्त्वाची किंमत चुकवत नाही. जक्कय या जकातदारानेही लबाडीने घेतलेले चौपट परत करण्याचे वचन दिले, ते येशू त्याच्या घरी उतरल्यावर.

"म्हणजे जमेच्या बाजूला माझे काहीच नाही?" त्यांनी विचारले.

"ख्रिस्ताचे आहे, आणि ते तुमच्या नावे मांडले आहे," मी म्हणालो. "त्या खोलीपायी भावजयीचे राहिलेले देणे मात्र फेडायचेच, पण ते तारण विकत घेण्यासाठी नव्हे."

ते बराच वेळ गप्प राहिले. मग वहीच्या कोऱ्या पानावर त्यांनी भावजयीचा पत्ता लिहून घेतला आणि परळला कोणत्या दिवशी जाणे बरे, एवढेच मला विचारले.