रोज मोठ्याने वाचून दाखवण्याविषयी थोडेसे

तुमची मुलगी दोन वर्षांची आहे आणि तिला आतापासून वाचून दाखवावे का, असे तुम्ही विचारले आहे. अवश्य दाखवा, अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्ये तशी शिफारस अगदी जन्मापासूनच केली आहे.

आपल्या कोकणात दिवेलागणीला मुले हातपाय धुऊन शुभंकरोती म्हणायला बसतात, त्यालाच जोडून दहा मिनिटे वाचनाची ठेवली की ती सवय फारशी मोडत नाही. पुस्तक संपवण्याची घाई मात्र करू नका. चित्रातल्या टोपलीवर बोट ठेवून मुलगी ‘बांगडो!’ म्हणाली, तर ‘होय गो, बांगडोच, आणखी काय दिसता?’ असे मालवणीतच विचारावे, तिला बोलायला पुरेसा अवधी द्यावा आणि मगच ओळीखाली बोट फिरवत छापील मजकूर वाचावा. घरच्या बोलीने पुस्तकाची भाषा बिघडते, ही भीती माझ्या मते निराधार आहे. तेच पुस्तक तिने पुन्हा मागितले, तर तेच वाचावे, कारण या वयात शब्द पुनरावृत्तीनेच पक्के होतात.

पुस्तकांसाठी फार खर्च नको. नॅशनल बुक ट्रस्टची मराठी बालपुस्तके स्वस्त असतात, आणि रत्नागिरीत तर १८२८ पासूनचे नगर वाचनालय आहे. वडील नोकरीसाठी मुंबईत असतील, तर त्यांनी पुस्तकाची दुसरी प्रत जवळ ठेवून रात्री व्हिडिओ कॉलवर वाचावे आणि इकडे आईने पाने उलटावीत.