पाँटूनला मोटर घेताना हॉर्सपॉवरच्या आधी गिअर बघा

भाऊ, हतनूर धरणाच्या पाण्यात पक्षी दाखवायला पाँटून उतरवताय, तर तुम्हाला वेग नको, ताकद हवी. पाँटून म्हणजे पोकळ नळ्यांवर तरंगणारी सपाट बोट; जड, छत असलेली. तापीवरचा वारा तिला आडवी ढकलतो. म्हणून 'हाय थ्रस्ट' (जास्त रेटा देणारी) मोटर मागा. मर्क्युरी कंपनीत तिला 'कमांड थ्रस्ट' म्हणतात. साध्या ६० हॉर्सपॉवरचा गिअर रेशो (पंख्याच्या एका फेरीमागे इंजिनाच्या फेऱ्या) १.८३:१, कमांड थ्रस्टचा २.३३:१. म्हणजे पंखा सावकाश फिरतो, पण मोठा बसतो आणि पाणी धरतो. धक्क्याला लावताना, रिव्हर्स घेताना हा फरक लगेच कळतो. दुकानदार स्वस्तात साधी ६० देईल, तरी माझं ऐका, घेऊ नका.

शाफ्ट, म्हणजे मोटरचा खाली जाणारा दांडा, ट्रान्समच्या (मोटर बसते ती बोटीची मागची फळी) उंचीप्रमाणेच घ्या. बहुतेक पाँटूनना २० इंची लागतो. पंखा कमी पिचचा, म्हणजे एका फेरीत कमी पुढे सरकणारा. माणसं भरून पूर्ण थ्रॉटल द्या: कंपनीने दिलेल्या आरपीएमपर्यंत (मिनिटाला फेऱ्या) इंजिन पोचलं नाही, तर पिच अजून कमी करा.

आणि गाळ! हतनूरमध्ये तो फार. उन्हाळ्यात पाणी उतरलं की मोटर थोडी वर उचलून चालवा, पण इंजिन थंड ठेवायला पाणी ओढणारी जाळी बुडालेलीच हवी. त्या पाण्याची मागून उडणारी पिचकारी बारीक झाली की तिथेच इंजिन बंद. हे पाणी खेचणाऱ्या पंपाचा इंपेलर (आतलं रबरी चाक) दरवर्षी तपासून घ्या.