मन मोकळं : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : वय २९. चार वर्षं पुण्यात राहून राज्यसेवेची तयारी केली. एकदा मुख्य परीक्षेपर्यंत पोचलो, यंदा पूर्वपरीक्षेतच गळालो. माझ्या खर्चासाठी वडिलांनी कर्ज काढलंय. गावाकडच्या लग्नकार्यालाही जात नाही, कारण ‘काय मग, साहेब झाले का?’ हे ऐकवत नाही. मित्र म्हणतात, संघर्षातूनच माणूस घडतो. मला तर मी शून्य झाल्यासारखं वाटतं.
– एक वाचक, परभणी जिल्हा

उत्तर : मित्रांचं वाक्य तूर्त बाजूला ठेवा. संघर्षाने माणूस घडतो तसा मोडतोही. संकटानंतर होणारी वाढ मोजायला टेडेस्की आणि कॅल्हून या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९९६ मध्ये २१ विधानांची प्रश्नावली तयार केली. वाढ संकटातून आपोआप होत नाही, संकटाने मोडलेल्या समजुतींशी माणूस नंतर जी झटापट करतो तिच्यातून होते, असं त्यांचं म्हणणं आहे. तेव्हा तुमची कोणती समजूत मोडली, ते आधी शोधू.

त्यासाठी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या पद्धतीचा कागद भरा. वहीचं पान आडवं धरून चार रकाने आखा : घटना, समजूत, परिणाम, उलटतपासणी. घटनेत कॅमेऱ्यात दिसेल तेवढंच लिहायचं, म्हणजे ‘यादीत माझा नंबर नव्हता.’ ‘माझी लाज गेली’ ही घटना नव्हे. बहुतेक जण इथेच घसरतात आणि मग पुढचे रकाने जमत नाहीत. परिणामात वागणं लिहा : रात्री दोनपर्यंत मोबाईल, अभ्यासिकेला दांडी, घरचा फोन न उचलणं. समजूत शेवटी भरली तरी चालेल. ती बहुधा अशी निघेल : ‘माझं नाव यायलाच हवं होतं. आलं नाही, म्हणजे मी फुकट.’

आता उलटतपासणी. पहिल्या वाक्यातून दुसरं निघतंच कसं? पद मिळायला कट-ऑफ आहे, हे खरं. माणूस म्हणून जगायला कट-ऑफ कोणी लावला? त्या जागी असं लिहा : ‘मला पद हवं होतं, मिळालं नाही, वाईट वाटतंय. यातून माझ्या तयारीबद्दल काही कळतं, अख्ख्या माझ्याबद्दल नाही.’ इथे एक चूक हमखास होते. लोक उत्साहात ‘मी हुशारच आहे, पुढच्या वेळी काढणारच’ असं लिहितात. तराजू तोच, फक्त पारडं बदललं. पुढचा निकाल लागला की पुन्हा खाली. एलिस यांचा आग्रह असा, की कृतीला मार्क द्या, स्वतःला देऊच नका. कागद भरून आनंद होणार नाही. खिन्नता उरेल, पण ती माणसाला कामाला लागू देते. रोज एक प्रसंग, दहा-पंधरा मिनिटं, तीन आठवडे. मनातल्या मनात करू नका, मन सोयीचे रकाने गाळतं.

मग लग्नाला जा. उत्तर आधीच पाठ करा : ‘यंदा नाही झालं. पुढचं ठरवतोय.’ पुढे खुलासा नको. मांडवात शिरताना अस्वस्थतेला ० ते १० पैकी आकडा द्या आणि तो निम्म्यावर येईपर्यंत थांबा. अक्षता टाकून लगेच पळालात तर भीती घट्ट होईल, पंगतीला बसाच.

राहिला पैशाचा प्रश्न. राज्यसेवेला खुल्या प्रवर्गासाठी वयोमर्यादा ३८ आहे, पण वय उरलंय म्हणून परीक्षा देत राहणं याला निर्णय म्हणत नाहीत. वडिलांसोबत बसून कर्ज, व्याज, महिन्याचा खर्च एका कागदावर मांडा आणि शेवटच्या प्रयत्नाची तारीख लिहा. हे संभाषण सगळ्यात जड जाईल. फोनवर करू नका.

झोप, भूक उडून दोन आठवड्यांहून जास्त दिवस झाले असतील तर डॉक्टरांना भेटा. जीव नकोसा वाटला तर त्याच दिवशी घरच्या कुणाला सांगा आणि टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा. सेवा मोफत आहे, रात्रीही चालू असते.

प्रश्न : आम्ही चार किलोमीटर चालत शाळेत गेलो. तेरा वर्षांच्या मुलाला सगळं आयतं मिळतं. तो कणखर व्हावा म्हणून मुद्दाम थोडे हाल होऊ द्यावेत का?
– एक आई, ठाणे

उत्तर : हाल नकोत, कामं द्या. १९६७ मध्ये सेलिगमन आणि मायर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी दाखवलं, की ज्या कुत्र्यांना विजेचा झटका काही केल्या थांबवता आला नव्हता, त्यांतले बरेचसे पुढे सुटकेची वाट समोर असूनही बसून राहिले. २०१६ मध्ये याच दोघांनी आपलं स्पष्टीकरण उलटं केलं : हातपाय गाळणं उपजतच असतं, शिकावं लागतं ते ‘माझ्या करण्याने फरक पडतो’ हे. पंखा बंद ठेवून किंवा ‘आमच्या वेळी’ची टेप लावून हे शिकवता येत नाही.

आठवड्याची भाजी आणायला ५०० रुपये द्या. यादी त्याची, घासाघीस त्याची. मऊ टोमॅटो आणले तर त्यांचंच सार करा आणि ‘सांगितलं होतं ना’ हे गिळा. उरलेले पैसे त्याचे. कमी पडले तर वरून देऊ नका. दोन-तीन आठवड्यांत तो टोमॅटो दाबून बघायला लागेल. मग एस.टी.ने एकट्याने मामाकडे जाण्यासारखं पुढचं काम द्या. पहिल्याच खेपेला अवघड काम दिलं आणि ते फसलं, तर नेमका उलटा धडा मिळतो.

प्रश्न : जुनं दुःख लिहून काढावं म्हणतात. लिहिलं की मला जास्तच त्रास होतो. थांबवू का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : किती लिहिता, त्यावर आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांच्या पद्धतीत सलग तीन-चार दिवस, रोज १५ ते २० मिनिटं लिहायचं आणि मग बंद. महिनोन्महिने तेच लिहिणं म्हणजे उगाळणं. लिहून झाल्यावर तास-दोन तास जड वाटणं नेहमीचं आहे, म्हणून झोपण्यापूर्वी लिहू नका. चौथ्या दिवशीच्या पानावर ‘कारण’, ‘म्हणून’, ‘आता कळतंय’ असे शब्द पहिल्या दिवसापेक्षा वाढले असतील तर काम होतंय. तीच वाक्यं पुन्हा येत असतील, किंवा घटना ताजी असून लिहिताना धाप लागत असेल, तर वही मिटा आणि समुपदेशकासमोर बोला.