हळदीच्या कंदकुजीवर स्युडोमोनास, बॅसिलस (मित्रजिवाणू) चालतं का, की बुरशीनाशकच मारावं?

चालतं, पण रोग यायच्या आधी दिलं तर, कंद मऊ पडून पिवळं पाणी सुटायला लागल्यावर नुसत्या जिवाणूंच्या भरवशावर राहू नका, तेव्हा कृषी विज्ञान केंद्राला दाखवून शिफारशीतलं बुरशीनाशकच घ्या. कारण असं की स्युडोमोनास फ्लुरोसन्स मुळांवर आधी जागा धरतो, तिथलं लोह स्वतःकडे खेचून घेतो त्यामुळे कंद कुजवणाऱ्या पिथियमसारख्या बुरशीला ते मिळत नाही, शिवाय बुरशीला मारक द्रव्यं सोडतो आणि झाडाची स्वतःची प्रतिकारशक्तीही जागी करतो. बॅसिलस सबटिलिसचं कामही साधारण असंच, फक्त त्याचे बीजाणू टणक असतात म्हणून तो उन्हात आणि साठवणीत जास्त टिकतो. ट्रायकोडर्मा मात्र जिवाणू नाही, ती मित्रबुरशी आहे, दुकानात सगळं एकाच नावाखाली देतात म्हणून सांगतोय.

- बेणे: लावणीआधी या जिवाणूंच्या द्रावणात अर्धा तास बुडवून सावलीत सुकवा (पावडर साधारण १० ग्रॅम लिटरला, तरी पाकिटावरचं प्रमाण बघाच)
- जमीन: चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून ओलाव्यात द्या, पावसाळ्यात परत आळवणी (द्रावण झाडाच्या मुळाशी ओतणं)
- कॉपर ऑक्सिक्लोराईड (तांब्याचं बुरशीनाशक) किंवा स्ट्रेप्टोसायक्लीन (जिवाणू मारणारं प्रतिजैविक) यांच्यासोबत अजिबात नको, जिवाणूच मरतात, मध्ये आठ-पंधरा दिवस सोडा

आणि सरीत पाणी साचत असेल तर आधी निचरा काढा, चिखलात पिथियमचंच फावतं, मग वरून कितीही महागडं औषध ओतलं तरी कंद कुजणारच.